रात्रभर ओट्यावर राहिलेलं अन्न खायचं की टाकायचं?

सकाळी साडेसातला फोन वाजतो. "काकू, रात्रीचा भात फ्रीजमध्ये ठेवायचा राहिला. वास काही येत नाहीये. फोडणी देऊन खाऊ ना?"

मी पुण्यात डबे देते. जून-जुलैत नवी मुलंमुली खोली घेऊन राहायला आली, हाताने करून खायला लागली, की असे फोन सुरू होतात. घरी हा निर्णय आई नाहीतर आजी घेत होती, आणि तो रोज घेतला जातोय हे आपल्याला कळतही नव्हतं. आता पातेलं तुमचं आहे. फोनवर मी ज्या क्रमाने प्रश्न विचारते, त्याच क्रमाने इथे लिहिते. पुढच्या वेळी ओट्यासमोर उभं राहून तुमचं तुम्हाला ठरवता यावं, एवढ्यासाठी.

पायरी १: आधी घड्याळ, नाक नंतर

"वास येत नाही" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते, आणि घात तिथेच होतो. अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. आमटीला आंबूस वास येणं, उसळीवर फेस धरणं, भाताला बोट लावल्यावर तार सुटणं, ही पहिल्या प्रकारच्या जंतूंची कामं. ती दिसली तर प्रश्नच संपला, टाकून द्या. पण दुसऱ्या प्रकारचे जंतू वास, रंग, चव काहीही न बदलता वाढू शकतात. तेव्हा नाक "टाक" म्हणालं तर ऐका. नाक "खा" म्हणालं तर त्यावर विसंबू नका. चमचाभर चाखून बघणंही नको, काही विषं अगदी थोड्या अन्नातूनही बाधतात.

मग बघायचं काय? गॅस कधी बंद केला ते. जेवण कधी झालं ते नव्हे. स्वयंपाक साडेआठला झाला, गप्पा मारत जेवण दहाला उरकलं, तर तास साडेआठपासून मोजायचे. एखादा पदार्थ सकाळी तासभर बाहेर होता, मग फ्रीजमध्ये गेला, रात्री पुन्हा तासभर बाहेर आला, तर ते दोन तास झाले. फ्रीजमध्ये ठेवल्याने आधीचा हिशोब पुसला जात नाही.

जंतूंना सोयीचं तापमान साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस. चांगल्या फ्रीजमधलं अन्न त्याच्या खाली असतं, वाफाळतं अन्न त्याच्या वर. आपला ओटा बरोबर मधोमध. परिस्थिती अनुकूल असेल तर काही जंतू दर वीस मिनिटांना दुप्पट होतात. एकापासून सुरुवात केली तर दोन तासांत ६४ होतात. आठ तासांत, म्हणजे एका रात्रीत, हिशोब १ कोटी ६७ लाखांच्या वर जातो. प्रत्यक्षात सुरुवातीला त्यांना थोडा वेळ लागतो आणि वाढ नेहमीच इतकी वेगवान नसते, पण "दोन तास चाललं मग रात्रभर का नाही" याचं उत्तर या आकड्यांत आहे.

हे नियम पाठ करा. शिजलेलं, ओलसर अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. दोन ते चार तास बाहेर राहिलं असेल तर तेव्हाच गरम करून खाऊन संपवा, पुढच्यासाठी ठेवू नका. चार तासांच्या वर गेलं की टाका. दोन आणि चार तासांचा हा हिशोब ऑस्ट्रेलियात खाद्यव्यवसायांना शिकवतात आणि मला तो घरासाठीही सोपा वाटतो. पण एक लक्षात ठेवा: बाहेर ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर दोन तासांची मर्यादा एका तासावर येते आणि मधली सवलत अजिबात घ्यायची नाही. मार्च ते जूनमध्ये आपल्याकडची बहुतेक स्वयंपाकघरं दुपारी ३२ च्या वरच असतात. नागपूर-चंद्रपूरकडे तर पारा ४५ ला टेकतो, तिथे ओट्यावरचं वरण म्हणजे जंतूंसाठी उबवणीच.

आणि "झाकून ठेवलं होतं" हे उत्तर माझ्यासाठी उत्तर नाही. झाकणाने माश्या आणि झुरळं दूर राहतात. अन्न मात्र झाकणाखाली जास्त वेळ कोमट राहतं.

पायरी २: पदार्थ कोणता आहे?

सगळं अन्न सारखं नाशवंत नसतं. पदार्थ ओला आहे का कोरडा, आंबट आहे का, त्यात मीठ किंवा साखर भरपूर आहे का, हे बघायचं. जंतूंना पाणी लागतं. लाडू, चकली, गूळपोळी, शेंगदाण्याची कोरडी चटणी यांत त्यांच्या कामाचं पाणीच नसतं. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असतो, साजूक तुपात पाणी जवळपास नसतं. हे सगळं बाहेर राहतं, फक्त चमचा कोरडा हवा. पोळ्या पूर्ण गार करून डब्यात ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी चालतात. गरम पोळ्यांवर झाकण लावलं की आत घाम धरतो आणि त्या लवकर खराब होतात. पोळीवर किंवा ब्रेडवर बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढाच भाग काढून बाकीचं खायचं नाही, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे आत गेलेले असतात. जुने, बुरशी धरलेले शेंगदाणे भाजूनही घेऊ नका. त्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष असू शकतं आणि घरच्या भाजण्याने ते पुरतं जात नाही.

आता भात, कारण सगळ्यात जास्त चूक भाताच्या बाबतीत होते.

माझा भाचा पहिल्यांदा खोली घेऊन राहिला तेव्हाची गोष्ट. रात्री नऊला कुकर लावला, भात उरला, कुकर तसाच ओट्यावर. सकाळी त्याने कांदा, मिरची, हळद घालून झकास फोडणीचा भात केला. वास उत्तम, चव उत्तम. नऊला खाल्ला आणि साडेअकराला बाथरूममधून बाहेर येता येईना. संध्याकाळपर्यंत नुसत्या उलट्या. दुसऱ्या दिवशी उठून बसला, पण मला ज्या आवाजात त्याने फोन केला तो आवाज मी विसरलेले नाही. "मावशी, मी तर चांगला परतून गरम केला होता गं."

त्याची चूक गरम करण्यात नव्हतीच. कच्च्या तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे कवचात झोपलेला जंतू. भात शिजला तरी हे कवच टिकतं. शिजलेला भात कोमट होऊन ओट्यावर पडला की ते जागे होतात, वाढतात, आणि भातात एक विष सोडतात. हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. आपल्या कुकरच्या आत शिट्टीच्या वेळी तापमान साधारण १२० असतं. म्हणजे सकाळी तुम्ही फोडणी द्या, वाफ द्या, पुन्हा कुकर लावा, विष तिथेच राहतं. म्हणून फोनवरच्या त्या प्रश्नाला माझं उत्तर नेहमी एकच: रात्रभर बाहेरचा भात टाक. फोडणीचा भात करायचाच असेल तर रात्री फ्रीजमध्ये ठेवलेल्या भाताचा करायचा. तो मोकळाही जास्त होतो.

वरण, आमटी, उसळ, रस्सा, मटण हे दुसरं घर. यांच्यात अडचण होते ती पातेल्याच्या आकाराने. सुरुवातीच्या काळात मी एकदा रात्री नऊला उकळलेली दहा लिटर आमटी झाकून ठेवली आणि सकाळी सहाला पातेल्याच्या बुडाशी हात लावला, तर ते अजून कोमट. म्हणजे रात्रभर ती आमटी जंतूंच्या आवडत्या उबेतच होती. मटणाच्या मोठ्या पातेल्यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू असाच वाढतो आणि सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा, जुलाब सुरू होतात. ती सगळी आमटी मी ओतून दिली. जीव तुटला, पण त्या दिवशी बावीस जणांचे डबे जायचे होते.

हाताने मळलेले, कुस्करलेले, नंतर मिसळलेले पदार्थ वेगळे मोजा: पेढे, खव्याची मिठाई, बटाट्याची कुस्करलेली भाजी, सँडविचचं सारण. स्टॅफिलोकॉकस हा जंतू माणसाच्या नाकात, त्वचेवर, हाताच्या चिरेत राहतो आणि शिजवून झाल्यावर हात लागला की तिथून अन्नात येतो. त्याचंही विष गरम करून जात नाही. बोट कापलेलं असताना पट्टी आणि वर हातमोजा लावल्याशिवाय मळायला घेऊ नका.

ओल्या नारळाची चटणी दोन तासांच्या नियमात बसवा, एकदा डोशाबरोबर संपली की संपली. इडलीचं पीठ वेगळं. ते आंबताना आम्ल तयार होतं आणि तेच त्याचं रक्षण करतं, म्हणून रात्रभर बाहेर राहतं. फुगलं की मात्र फ्रीजमध्ये. वर गुलाबी किंवा काळपट डाग आले तर अख्खं टाका. कापलेलं कलिंगड, खरबूज, उकडलेलं अंडं, पनीर यांना दोन तासच. सोललेला लसूण तेलात बुडवून बरणी बाहेर ठेवायची नाही. तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी जीवघेणी विषबाधा, करणाऱ्या जंतूला हेच हवं असतं. लसणाची कोरडी चटणी चालते.

मासळीबद्दल कोकणातून आलेली मुलं माझ्याशी वाद घालतात, की आमच्याकडे शिळं कालवणच जास्त चांगलं लागतं. लागतं, खरं आहे. पण त्यात कोकम असतं, आणि घरची बाई ते रात्री आणि पहाटे खळखळून उकळते. त्यातही आधी मासळी ताजी असावी लागते. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे कच्चे असतानाच उबेत राहिले तर त्यांत हिस्टामीन तयार होतं. ते शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, अंगावर चट्टे येतात, डोकं ठणकतं. बाजारातून मासळी आणताना बर्फाची पिशवी बरोबर न्या.

पिशवीचं दूध पाश्चराइझ केलेलं असतं, निर्जंतुक नसतं. सकाळी दाराशी आलेली पिशवी दहापर्यंत तिथेच राहिली तर तिचा भरवसा नको. न उघडलेला टेट्रापॅक बाहेर चालतो, उघडला की तोही दूधच. आणि तापवताना दूध फाटलं तर लगेच पनीर करायला घेऊ नका. तुम्ही लिंबू पिळून फाडलंत तर ते पनीर. तासन्‌तास बाहेर राहून नासलं असेल तर ते खराब दूध.

पायरी ३: "उकळलं की झालं" हा समज सोडा

आजी सकाळ-संध्याकाळ दूध आणि आमटी उकळून ठेवायची, आणि तिचं बरोबर होतं. ती जंतू वाढायच्या आधी उकळायची. जिवंत जंतू ७० अंशांच्या वर मरतात, त्यामुळे वेळेत उकळलेल्या अन्नात पुन्हा मोजणी जवळपास पहिल्यापासून सुरू होते. आपण मात्र दहा तास विसरतो आणि मग उकळतो. तेव्हा जंतू मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेलं विष मागे राहतं. उकळणं हे वेळेवर करायचं काम आहे, विसरल्यावरचा उपाय नाही.

वेळेत फ्रीजमध्ये गेलेलं अन्न गरम करताना नुसतं कोमट करू नका. मधोमध वाफ आली पाहिजे, पातळ पदार्थाला उकळी फुटली पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच काढून ढवळा, नाहीतर कडेला चटका आणि मधे गार. खायचं तेवढंच काढून गरम करा.

पायरी ४: कोण खाणार आहे?

काठावरचा पदार्थ असेल तर हे विचारा. घरात लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं, कर्करोगाचे उपचार घेणारं कुणी असेल तर शंका आली की टाका. धडधाकट माणूस एक दिवस आडवा पडून उठतो. या लोकांना तेच रुग्णालयात नेतं.

फोनवरची काही उत्तरं, जशी देते तशी

वरण रात्री नऊचं, सकाळी सात वाजले. टाक.
पोळ्या रात्रीच्या, गार करून डब्यात ठेवलेल्या. खा, बुरशी बघून.
कोबीची भाजी दुपारी बाराला केली, तीन वाजलेत, पावसाळ्याचे गार दिवस. आत्ता गरम करून संपव, उरवू नकोस.
तीच भाजी, पण मे महिना. टाक.
पुलाव मित्रांनी अकरा वाजता आणला, किती वाजता शिजला माहीत नाही. माहीत नाही म्हणजे टाक.
वीज तीन तास गेली होती, फ्रीज उघडलेला नाही. सगळं खा. न उघडलेला फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. फ्रीझरमधल्या पदार्थात अजून बर्फाचे खडे असतील तर तो पुन्हा गोठवता येतो.

पायरी ५: उद्या हा प्रश्न पडू नये म्हणून

अन्न लवकर गार करणं हीच सगळ्यात मोठी युक्ती. भात उरला की मी तो परातीत बोटभर जाडीने पसरते, पंख्याखाली. वाफ अर्ध्या तासात जिरते, मग पसरट डब्यात भरून थेट फ्रीज. तासाच्या आत सगळं झालेलं असतं. आमटीचं पातेलं थंड पाण्याच्या घमेल्यात बसवते आणि पळीने ढवळत राहते. पाणी कोमट झालं की बदलते. दोनदा पाणी बदललं की आमटी हाताला सोसेल इतकी उतरते, मग लहान डब्यांत भागून आत. "गरम अन्न ठेवलं की फ्रीज बिघडतो" या भीतीने लोक पातेलं ओट्यावर ठेवतात आणि झोपून जातात. लहान डब्यातलं कोमट अन्न फ्रीज सहज सोसतो. भरलेलं वाफाळतं पातेलं मात्र नको, त्याने शेजारचं दूधही तापतं.

फ्रीजमधला भात मी दुसऱ्या दिवशी संपवते. भाजी, आमटी तीन दिवस. डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून तारीख लिहा. खोलीवर चौघं राहत असाल तर हे केलंच पाहिजे, कारण कुणाचा डबा कधीचा हे कुणालाच माहीत नसतं.

कामाचा डबा हा अवघड भाग आहे, आणि मी त्यावर बरीच डोकेफोड केली आहे. आठला भरलेला डबा एकला उघडतो, म्हणजे पाच तास. कामाच्या ठिकाणी फ्रीज असेल तर पोचल्याबरोबर त्यात ठेवा आणि जेवताना वाफ येईपर्यंत गरम करा. नसेल तर उन्हाळ्यात पोळी, पाणी पूर्ण आटवलेली सुकी भाजी, कोरडी चटणी, लोणचं असा डबा ठेवा. दही, ओला नारळ, मोकळा भात घरी खा. आमटी न्यायचीच असेल तर उष्णता धरणारा डबा घ्या. आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवा, ते ओता, आणि खळखळणारी आमटी लगेच भरून झाकण लावा. एकला उघडल्यावर वाफ आली पाहिजे. नुसती कोमट निघाली तर तो डबा त्या कामाचा नाही. मी एकदा काही शे रुपयांचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतला आणि माझे सगळे डबे तपासले. निम्मे तिथेच बाद केले.

खाऊन झाल्यावर लक्षात आलं तर?

घाबरू नका, प्रत्येक वेळी त्रास होतोच असं नाही. मुद्दाम उलटी काढू नका. त्रास सुरू झाला तर ओआरएसचं पाकीट आणा, त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात विरघळवा आणि घोट घोट प्या. रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. शौचातून रक्त, ३९ अंशांच्या आसपास ताप, पाणीही पोटात न टिकणं, लघवी कमी होणं, उभं राहिल्यावर चक्कर, तीन दिवसांच्या वर जुलाब, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरकडे जा. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर इतकीही वाट बघू नका. नजर दुहेरी होणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं असं दिसलं तर क्षणभर न थांबता रुग्णालय.

आणि जाताना कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: काय खाल्लं, ते किती वाजता शिजलं होतं, आणि खाल्ल्यापासून किती तासांनी त्रास सुरू झाला. एक-दोन तासांत नुसत्या उलट्या असतील तर डॉक्टरांना आधीच तयार झालेल्या विषाचा संशय येतो. दहा-बारा तासांनी कळा आणि जुलाब असतील तर ते वेगळा विचार करतात. भाच्याच्या वेळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, आणि आमच्याकडे वेळा लिहिलेल्या असल्यामुळे "भात होता ना?" असं त्यांनीच आम्हाला सांगितलं.